माफी नव्हती ती, जगताप साहेब

तुम्ही गेल्याचं मला खळ्यावर कळलं. चुरणं सुरू होतं. मळणीच्या मशीनपुढे कोणाचं कोणाला ऐकू येत नाही, तोंडाला दुपट्टा बांधलेला, डोळ्यांत कोंडा. आमच्या मालकांनी, म्हणजे घरधन्यांनी, लांबूनच हात हलवून मशीन बंद करायला लावली आणि जवळ येऊन म्हणाले, "जगताप साहेब गेले म्हणते." मी आधी चिडलेच. "असे कसे गेले? आमचं भांडण बाकी हाये अजून!" असं सगळ्या मजुरांसमोर ओरडले आणि मग तिथेच धानाच्या पोत्यावर बसून रडले. बायांना वाटलं, घरातलं कोणी गेलं. त्यात खोटं काय होतं?

आता बसून लिहिते आहे. तुमच्यासाठी म्हणून पुस्तकातल्या मराठीत लिहिते. समोर असता तर आमच्या बोलीत सुनावलं असतं आणि तुम्ही नेहमीसारखे चष्मा काढून पुसत बसला असता. उत्तर सुचलं नाही की चष्मा पुसायचा, ही तुमची खोड मी लवकरच ओळखली होती. सांगितलं नाही, कारण तुमचा चष्मा निघाला की मी जिंकले हे मला कळायचं, आणि ते सुख मला सोडायचं नव्हतं.

आपली ओळख काही चांगल्या कारणानं झाली नाही. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून नुकताच वेगळा झाला होता. त्या वर्षी आमचं धान कापून, भारे बांधून खळ्यावर रचून ठेवलेलं. तुमच्या साताऱ्याकडे त्याला काय म्हणतात ठाऊक नाही, आम्ही पुंजणं म्हणतो. वर्षभराचं अन्न, बियाणं, पोरांच्या फिया, सगळं एका जागी रचलेलं असतं त्यात. ते पुंजणं तेजलालनं पेटवलं. तो परका नव्हे, आमच्या मालकांचा चुलतभाऊ, माझा दीर, माझ्या लग्नाच्या वरातीत नाचलेला. बोदलकशाच्या नहराचं, म्हणजे कालव्याचं, पाणी कोणी आधी घ्यायचं यावरून भावकीत तणतण झाली होती. आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पिकली, त्याची शेवटच्या पाण्यावाचून वाळली. दारू प्यायला, आला, काडी लावली. पळालाही नाही. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून आग बघत राहिला, पोलीस आले तेव्हा तिथेच होता.

आमच्याकडे पुंजणं जळलं की गाव घरटी एक भारा धान आणून देतं. कोणाला सांगावं लागत नाही. त्या भाऱ्यांवर आमचं ते वर्ष निघालं. पण माझा जीव थाऱ्यावर आला नाही. मला एकच पाहिजे होतं, तेजलाल आत जावा आणि त्याचं तोंड दिसू नये.

तो काही दिवस भंडाऱ्याच्या जेलात राहिला, जामिनावर सुटला, कोर्टात गुन्हा कबूल केला. मला वाटलं, आता शिक्षा झाली की विषय संपला. तेवढ्यात एक दिवस तुम्ही स्कूटरवरून आमच्या दारात. "मी परिवीक्षा अधिकारी." मी म्हटलं, "हे काय असते आणखी?" तुम्ही बाजेवर बसून समजावलं. पहिला गुन्हा असेल, माणूस सुधारण्यासारखा असेल, तर न्यायाधीश त्याला जेलात न पाठवता चांगल्या वागणुकीचं बंधपत्र लिहून घेऊन गावातच ठेवू शकतात. देखरेख तुमची. तसं करावं की नाही याचा अहवाल तुम्ही कोर्टाला द्यायचा होता आणि म्हणून तुम्ही आला होता.

तुमचं बोलणं संपेपर्यंत मी गप्प बसले हेच नवल. मग सुटले. "म्हणजे माझं जाळलं त्यानं, आन् त्याले घरीच ठेवता? वा रे वा तुमचं सरकार! मंग एक माचिसही देऊन द्या ना त्याले सरकारकडून!" मालक म्हणाले, "हळू बोल, साहेब हायेत ते." मी म्हटलं, "साहेब हायेत म्हणून तं बोलून राहिली. म्हशीसंगं बोलू काय?"

तुम्ही रागावला नाहीत. दुसरा कोणी असता तर पाय आपटत गेला असता. तुम्ही आणखी अर्धा कप चहा मागितलात आणि म्हणालात, "ताई, जेलमधून माणूस गावातच परत येतो. त्याचं घर इथं आहे, धुरा तुमच्या धुऱ्याला लागून आहे. तो येणारच. कसा येतो, एवढाच प्रश्न आहे." मला ते पटलं नाही. आणि मग तुम्ही तो प्रश्न विचारलात, ज्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी आहे. "तुम्हाला झोप लागते का?"

साहेब, पोलिसांनी मला विचारलं होतं किती वाजता पेटलं. वकिलानं विचारलं नुकसान किती. नातेवाइकांनी विचारलं, आता मिटवून का नाही घेत? झोपेचं कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही लागत. नाकात धूर येते." आणि बोलत सुटले. तो जेलात गेला तरी पुढच्या वर्षी मी पुंजणं रचणार, आणि आता सगळ्या गावानं पाहिलं आहे की पुंजणं असंही जाळता येतं. आज तेजलाल, उद्या दुसरा कोणी. तुम्ही विचारलं, "मग तुम्हाला काय हवं?"

"पक्का राखणदार पाहिजे," मी म्हटलं. "माझं पुंजणं जळलं तं माझ्याहून जास्त ज्याचं वाटोळं होईल असा." आणि बोलता बोलता माझं मलाच लक्षात आलं की असा माणूस गावात एकच आहे. "तेजलालले ठेवा राखणीले," मी म्हटलं.

मालक म्हणाले, "डोकं फिरलं काय तुझं?" तुम्ही चष्मा काढला.

माझं गणित सरळ होतं. माझं पुंजणं कोणाच्या बिडीनं जळो की वीज पडून जळो, पहिलं नाव तेजलालचं येणार. म्हणजे तो मेला तरी जळू देणार नाही. यात कुठे दया आहे, सांगा बरं? नुसता राग होता, साहेब. फक्त तो मी कामाला लावला.

त्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं. तुम्ही म्हणालात, हे कोर्टाच्या हुकमात घालता येणार नाही, ही वेठबिगारी होईल. मी म्हटलं, नका घालू, आमचं आम्ही पाहून घेऊ. तुम्ही म्हणालात, तरीही दुसऱ्या राखणदाराला जे देता ते त्यालाही द्यावं लागेल. मी उठूनच उभी राहिले. "माझं जाळलं त्यानं आन् जेवायलेही मीच देऊ?" तुम्ही म्हणालात, "हो." एवढंच. त्या दिवशी चष्मा नाकावरून हलला नाही तुमचा. राखणदाराला आमच्याकडे रोज संध्याकाळचं ताट आणि चुरणं झालं की राशीतलं सूपभर धान द्यायची रीत आहे, तेही मालकिणीच्या हातानं. त्यातलं काही कमी करायचं नाही, असं तुम्ही बजावलंत. मग तेजलालला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलंत की तुला नको असेल तर नाही म्हण, माझ्या अहवालात त्यानं काही फरक पडणार नाही. तो हो म्हणाला. ताटाच्या बाबतीत तुम्ही बरोबर होता, हे मी आज लिहून देते. फुकट राबवला असता तर तो गडी झाला असता. ताट दिलं म्हणून राखणदार झाला.

न्यायाधीशांनी तुमचा अहवाल मानला. बंधपत्र झालं, भरपाई हप्त्यानं द्यायची ठरली, आणि तुमची स्कूटर आमच्या गावाला लागली. आधी तेजलालच्या घरी बसायचात, त्याच्या बायकोला विचारायचात, दारूचं काय? मग आमच्याकडे यायचात. गावातले लोक मला म्हणायचे, हा साहेब नेमका कोणाचा, तुझा की त्याचा? मलाही कळत नव्हतं. आता कळतं की तुम्ही दोघांचेही होता आणि ते किती अवघड असतं.

पहिला हंगाम मी राखणदाराचीच राखण केली. काही ना काही निमित्त काढून खळ्यावर जायची. तो खाटेवर बसलेला असायचा, मला पाहून उभा राहायचा, मी न बोलता परत. एकदा मात्र मजा झाली. आमचे मालक पुंजण्याला टेकून बिडी ओढत उभे होते. तेजलाल धावत आला, मोठ्या भावाच्या तोंडातली बिडी ओढून पायाखाली चिरडली आणि ओरडला, "दादा, बिडी प्यायची हाये तं नहरावर जाऊन पी! जळलं तं नाव माझंच येईल!" मालक खाली मान घालून नहराकडे गेले बिचारे. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतके हसलात की चहा सांडला बाजेवर. त्या रात्री मला झोप लागली, साहेब. बऱ्याच महिन्यांनी लागली. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं, आज सांगते.

आणि मग तो सुपाचा दिवस. तुम्ही मुद्दाम आला होता. रास झाली, पूजा झाली, तेजलालनं समोर येऊन दुपट्टा पसरला. मी सूप भरलं आणि ओतलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. बस, एवढंच झालं. पण तुमच्या डोळ्यांत पाणी! तिथेच तुम्ही मनाशी ठरवून टाकलंत की ताईंनी माफ केलं.

मग काय, तुम्ही ती गोष्ट गावोगाव नेली. तिरोड्याच्या कॉलेजात सांगितली, सरकारी बैठकांत सांगितली. आवाज काय लावायचात तुम्ही! "ज्या माऊलीचं अन्न जळालं तिनंच अन्न दिलं, तिनं माफ केलं." मला कोणी येऊन सांगितलं की मी तुम्हाला धरायचीच. "साहेब, रीत होती ते. पोळ्याले बैलाले पुरणपोळी चारतो, तं बैलाले काय माफ करतो आम्ही?" तुम्ही म्हणायचात, "ताई, तुम्ही केवढं मोठं काम केलंत ते तुम्हालाच कळत नाही." मी म्हणायची, "माझ्या मनातलं मले नाही कळत आन् तुमाले कळते?" चष्मा.

तुम्ही रिटायर झालात, गोंदियाजवळ कुडव्यात घर बांधलंत, परत साताऱ्याकडे गेला नाहीत याचा मला किती आनंद झाला होता म्हणून सांगू. मी गोंदियाला आले की तुमच्याकडे येणारच. वर बिरशीच्या विमानतळाची शिकाऊ विमानं घिरट्या घालायची, ती गेली की आपलं भांडण परत जिथल्या तिथून सुरू. बंधपत्राची मुदत केव्हाच संपली होती. तरी तेजलाल दर हंगामात राखणीला येतच होता, अजून येतो. दारू पूर्ण सुटली असं मी लिहिणार नाही, होळीला दिसतोच. पण पुंजणं खळ्यावर आहे तोवर थेंबाला शिवत नाही. तुम्ही म्हणायचात, "बघा! ही माफीची ताकद." माझं अंग जळायचं. साहेब, मी त्याच्या घरची पायरी चढत नाही. त्याच्या पोरीच्या लग्नाला साडी पाठवली, स्वतः गेले नाही. कामापुरतं बोलते. आगीचा वास आजही आला की मला पहिला तोच आठवतो. याला माफी म्हणतात काय?

तुम्हाला वाटायचं मी मोठेपणा नको म्हणून भांडते. नाही हो. मला भीती वेगळ्याच गोष्टीची होती आणि ती खरी झाली. यंदा आमच्या गावात झनकलालच्या विहिरीवरचा मोटारपंप चोरीला गेला. चोर गावातलाच निघाला, त्यानंही कबूल केलं. तुमच्या जागी आता नव्या बाई आहेत, तरुण आहेत, तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. कायद्यानं लागत नसलं तरी ज्याचं गेलं त्याला आधी विचारायचं, ही तुमची पद्धत त्यांनी सोडलेली नाही. त्या झनकलालकडे गेल्या. झनकलाल माझं नाव घेऊन काय म्हणाला ठाऊक आहे? "मी काही पटलेबाई नाही. तेवढं मोठं मन नाही जी माझं. मले माफ करणं होत नाही. जाऊ द्या त्याले जेलात."

ऐकलंत? तुमच्या त्या गोड गोष्टीनं तुमचाच रस्ता बंद केला. लोकांना वाटायला लागलं की आधी देवमाणूस व्हायचं, मग कोर्टाला सांगायचं की याला गावात राहू द्या. आणि देवमाणूस व्हायला कोणाला जमतं? मला तरी कुठे जमलं? मी तावातावानं तुम्हाला फोन केला. एका दमात सगळं बोलले. फोनवर चष्मा दिसत नाही, म्हणून मी जिंकले की नाही ते कळेना. मग म्हणालात, "रविवारी कुडव्याला या ताई. हे नीट बोलायला पाहिजे." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही नाही म्हणाला नाहीत. मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. रविवारच्या आधीच मालकांनी मशीन बंद केली.

म्हणजे तुम्हाला पटलं होतं की नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. यासाठी मी तुमच्यावर रागावले आहे आणि राहणार आहे.

तुमच्या शोकसभेला आम्ही गावातून जीप करून आलो. मालक होते, झनकलाल होता, मागच्या बाकावर तेजलाल होता. सभागृह भरलं होतं. तुम्ही गावात ठेवलेले किती तरी लोक आले होते, पोराबाळांना घेऊन आले होते. हे पाहायला तुम्ही हवे होता, खरंच सांगते. भाषणं झाली. मग नव्या बाई उठल्या आणि रडत रडत तीच गोष्ट सांगायला लागल्या. तेच पुंजणं, तेच सूप. माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "त्या माऊलीनं माफ केलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर खोचला. म्हटलं, मयताची सभा असो की काही असो, आता बोलायचंच.

मी उठायच्या आधी मागून आवाज आला. "मधात बोलतो जी." तेजलाल उभा होता. चारचौघांत त्याला बोलताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. हातात टोपी होती.

"वैनीनं मले माफ नाही केलं," तो म्हणाला. "कवाच नाही केलं. साहेबाले मी दोन-तीनदा सांगतलं, पण साहेब आयकत नव्हते. माफ केलं असतं तं मी पहिल्याच साली सुटलो असतो, दुपट्टा झटकून घरी गेलो असतो. वैनी अजून पाहात राहाते मायाकडे. म्हणून मी सीधा आहो. कोणी पाहाणारं पाहिजे जी माणसाले. जेलात कोण पाहाते?"

आणि खाली बसला. मी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं आणि मला असं भरून आलं की काय सांगू. तुम्ही आणि मी इतकी वर्षं भांडलो, आणि ज्याच्यावरून भांडलो त्याला आपल्या दोघांपेक्षा नीट माहीत होतं. मी त्याला त्या दिवशीही माफ केलं नाही. पण तो माझा राखणदार आहे आणि त्याच्या जागी मी दुसरा कोणी ठेवणार नाही, हे मी तिथेच उभी राहून मोठ्यानं सांगितलं.

सभा संपल्यावर झनकलाल मला दाराशी गाठून उभा राहिला. "भाबी, म्हणजे माफ नाही करा लागत?"

"नाही."

"त्याचं तोंड पाहून डोकं सरकते माझं."

"सरकू दे. माझंही सरकते."

तो तडक नव्या बाईंकडे गेला. मी मागोमाग गेले, काय बोलतो ते ऐकायला. बाई अजून डोळे पुसत होत्या.

"बाई, लिहून घ्या जी माझं," झनकलाल म्हणाला. "मी त्याले माफ केलं नाही, हे लिहा. आन् त्याले जेलात नका धाडू, हेही लिहा."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी दोन्ही वाक्यं लिहून घेतली, साहेब.